नळवाटेवर पडलेली हुलगेरी: एक प्रकरण अभ्यास

(दक्षिण कोकणातल्या एका सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातले हे प्रकरण आहे. गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत.)

पार्श्वभूमी

गावाला डोंगरातल्या झऱ्यावरून गुरुत्वाने पाणी येते. झऱ्याजवळच्या छोट्या टाकीतून ६३ मिलिमीटरचा काळा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप सदाहरित रानातून खाली उतरतो. रान दाट, उतार तीव्र, आणि पाइप बहुतेक ठिकाणी जमिनीवरच पडलेला. जूनच्या पहिल्या वादळात, शनिवारी संध्याकाळी, वाटेवरचे एक मोठे झाड मुळासकट उलथले आणि पाइपवर आडवे झाले. पाइप एका जोडापाशी निखळला. रविवारी सकाळी वाडीत पाणी नव्हते.

झाड हुलगेरीचे होते. होलिगार्ना या प्रजातीतली झाडे पश्चिम घाटाच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत, साधारण हजार मीटर उंचीपर्यंत आढळतात. कोकणात हुलगेरी, रानबिबा, नुसता बिबो अशी नावे ऐकू येतात. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातले हे झाड. खोड सरळ, वीस-पंचवीस मीटर उंच. पाने फांदीच्या टोकाला झुपक्याने येतात, देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद होत जातात. लांबून पाहणाऱ्याला ती आंब्याची किंवा बिब्ब्याची वाटतात. खात्रीची खूण देठावर आहे: देठाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक, काट्यासारखा उपांग असतो. काही जातींत तो पान जून होताना गळून जातो, म्हणून कोवळे पान पाहावे. दुसरी खूण चिकाची. सालीला किंवा देठाला जखम झाली की आधी फिकट दिसणारा रस हवेत काळा पडतो. उभ्या खोडावर जुन्या जखमेखाली डांबर ओघळल्यासारखे काळे पट्टे दिसले, तर झाडापासून दोन पावले मागे सरावे.

या चिकात कॅटेकॉल गटातली तेलकट रसायने असतात. त्यांच्या रेणूला लांब शेपटी असल्यामुळे ती कातडीत सहज मुरतात. ती आम्लासारखी जाळत नाहीत. त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि मग शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जागेवरच हल्ला करते. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही वेलीचा आणि जपानी लाखझाडाचा त्रास याच रसायनकुळाचा. पुढचे सगळे प्रकरण समजण्यासाठी यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, ज्याचे शरीर या रसायनाला आधीच ओळखते त्याला एक ते तीन दिवसांत पुरळ उठते; ज्याचा हा पहिलाच संबंध त्याला दहा दिवस ते तीन आठवडेही लागू शकतात, किंवा त्या खेपेला काहीच होत नाही. दोन, रसायन वाळले तरी मरत नाही. ते कपड्यावर, कोयत्याच्या मुठीवर, साखळीवर महिनोन्महिने टिकते.

रविवारची सकाळ: तीन पर्याय

कामाला सात माणसे होती. चेनसॉ घेऊन आलेला मशीनवाला व त्याचा मदतनीस, दोघेही बाहेरच्या तालुक्यातले, आणि गावातले पाच जण. गुरे राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी झाड पाहताच बजावले होते, "ह्येका हात लावू नकात, अंगावर उतात." त्यांचे म्हणणे कोणी खोटे ठरवले नाही. पण रात्रभर पाऊस पडला होता, त्यामुळे चीक धुऊन गेला असेल असे सर्वांनी धरून चालले. हा समज चुकीचा होता. चीक सालीच्या आत आणि पानांच्या शिरांत असतो. पावसाचा तिथे संबंध येत नाही. वर तो तेलकट, नुसत्या पाण्याला दाद न देणारा.

त्या वेळी समोर तीन मार्ग होते. पहिला, झाडाला हातच लावायचा नाही. गावातल्या एका बागायतदाराकडे पंपाचा तीस मीटर पाइप पडून होता. तो खोडाला वळसा घालून दोन जोडांनी बसवला असता तर दोन तासांत पाणी सुरू झाले असते. दुसरा, पाइप अडकलेल्या ठिकाणी खोडाला दोनच काप देऊन मधला दीड मीटरचा ओंडका दोराने बाजूला ओढायचा. तिसरा, सगळे झाड तोडून, फांद्या छाटून, वाट पूर्ण मोकळी करायची.

निवड तिसऱ्याची झाली, आणि तिचे कारण झाडाशी निगडित नव्हतेच. मशीनचे पूर्ण दिवसाचे पैसे ठरले होते. दिवसाचे पैसे द्यायचेच तर काम पूर्ण करून घेऊ, हा हिशोब. दोन कापांऐवजी पन्नासच्या वर काप गेले. शिवाय खोडापेक्षा फांद्या छाटण्यात पाने, देठ, कोवळी साल यांच्याशी हाताचा संबंध कैक पटींनी जास्त येतो. चेनसॉची साखळी ओला भुसा आणि चिकाचे तुषार मागे फेकते. ते मशीन धरणाऱ्याच्या मनगटावर, मानेवर, पापण्यांवर बसतात. दोघांनी सुती हातमोजे घातले होते. सुती हातमोजा चीक शोषून घेतो आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतो. यापेक्षा मोकळे हात बरे, निदान ते धुतले तरी जातात.

धुण्याचा प्रश्न

पॉयझन आयव्हीच्या बाबतीत त्वचारोगतज्ज्ञ देतात ते आकडे इथेही मार्गदर्शक धरावेत: दहा मिनिटांत धुतले तर साधारण निम्मे रसायन निघते, पंधरा मिनिटांनी पाव भाग, अर्ध्या तासाने दहावा भाग, आणि तासानंतर जवळजवळ काही नाही. काम सकाळी आठला सुरू झाले आणि साडेअकराला संपले. माणसांनी घरी जाऊन अंग धुतले ते बाराच्या पुढे.

नळ तुटलेला, म्हणून जागेवर पाणी नाही असे सगळ्यांच्या डोक्यात बसले होते. प्रत्यक्षात व्हाळ (ओढा) पन्नास मीटरवर वाहत होता. नव्हता तो साबण. भांडी घासायच्या साबणाची एक वडी आणि दोन फडकी कोणी सोबत घेतली असती तर दर अर्ध्या तासाला हात, मनगटे, मान धुता आली असती. आमच्या मते पूर्ण प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट हीच होती.

धुण्याचीही पद्धत आहे. थंड किंवा कोमट पाणी, भरपूर फेस, फडक्याने घासणे, खळखळून धुणे. आणि हे तीनदा, प्रत्येक वेळी नवा फेस करून. नखांखाली वेगळे लक्ष द्यायचे. एकदाच साबण लावून हात चोळला तर चीक हातभर पसरतो एवढेच. तेलाबाबतही हाच घोळ होतो. बिब्बा उतला की खोबरेल लावायची किंवा खोबरे चोळायची रीत कोकणात घरोघरी आहे. तेलात चीक विरघळतो हे खरे. म्हणून कापसावर तेल घेऊन डाग टिपून काढला, कापूस फेकला आणि लगेच साबणाने धुतले तर उपयोग होतो. तेल चोळून तसेच ठेवले तर डाग चार बोटांचा होता तो तळहाताएवढा होतो. इथे दोघांनी नेमके हेच केले.

कोणाला काय झाले

सोमवारी सकाळी पहिला रुग्ण: हंगामात काजूच्या कारखान्यात बी कापण्याचे काम करणारा तरुण. दोन्ही हातांवर आग, खाज आणि रेघांसारखे फोड. काजूच्या टरफलातल्या तेलात कार्डोल, ॲनाकार्डिक आम्ल अशी याच घराण्यातली रसायने असतात. त्याच्या शरीराला ओळख पटलेली होती, म्हणून त्याला सगळ्यांत आधी आणि जोरात उठले.

मंगळवारपर्यंत मशीनवाल्याचा चेहरा सुजून एक डोळा उघडेना. फांद्या खांद्यावरून वाहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मानेवर आणि पाठीवर चट्टे आले. त्यांना आधीपासून मधुमेह होता. बुधवारी एक बाई आल्या. त्या जंगलात गेल्याच नव्हत्या. पतीचे कामाचे कपडे त्यांनी हाताने धुतले होते आणि पुरळ कोपरापर्यंत होते. पतीला स्वतःला काहीही झाले नव्हते. अकराव्या दिवशी मशीनवाल्याच्या मदतनीसाला उठले, तेव्हा त्याला त्या झाडाची आठवणही राहिली नव्हती. हा त्याचा पहिलाच संबंध होता.

ज्यांना काहीच झाले नाही असे तिघे उरतात. त्यांपैकी दोघे दोर ओढायला लांब होते. तिसरा, त्या बाईंचा पती, कोयत्याने फांद्या छाटत होता आणि 'मला बाधत नाही' असे सांगत फिरला. या वाक्यावर विसंबू नये. एका खेपेला न उठणे हे पुढच्या खेपेची हमी देत नाही. उलट प्रत्येक संबंधात शरीराला ओळख पटण्याची संधी मिळते.

निदानातले वळण

प्राथमिक आरोग्य केंद्रात काजूवाल्या तरुणाला पाहताना नागिणीचा विचार झाला, कारण फोड पट्ट्यात होते. पण नागीण शरीराच्या एकाच बाजूला येते; इथे दोन्ही हातांवर. दुसरी शक्यता पावसाळ्यात दिव्याभोवती जमणाऱ्या आणि अंगावर चिरडला की भाजल्यासारखा पट्टा उठवणाऱ्या किड्याची. तो पट्टा बहुधा एकाच जागी आणि रात्री झोपेत येतो. निर्णायक ठरले ते मनगटावरचे दोन-तीन काळे ठिपके. घासून निघत नव्हते, दुखत नव्हते. चीक कातडीवर वाळून लाखेसारखा काळा झाला की असे ठिपके पडतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मग "गेल्या दोन दिवसांत काय काम केलंत?" असे विचारले आणि सगळे उलगडले.

फांदी दवाखान्यात आणायला सांगितली नाही, हे योग्य झाले. त्याऐवजी देठाचा जवळून फोटो मागवला, आणि जागेवर कागदाची कसोटी करायला सांगितली: पांढऱ्या कागदाच्या घडीत एक पान ठेवून वरून दगडाने चेचायचे, पान काडीने झटकायचे आणि वाट पाहायची. दहा मिनिटांत ओला डाग तपकिरी, मग काळा झाला. कागद खड्ड्यात पुरला.

उपचाराचे निर्णय

मशीनवाला आपल्या गावी खासगी दवाखान्यात गेला होता. तिथे त्याला एक स्टेरॉइडचे आणि एक ॲलर्जीचे इंजेक्शन मिळाले. दोन दिवस सूज उतरली, सहाव्या दिवशी पुन्हा चढली. ही उसळी ओळखीची आहे. त्वचेतली प्रतिक्रिया दोन ते तीन आठवडे चालते. औषधाचा असर दोन दिवसांत संपला तर आग पुन्हा भडकते. त्यातच सातव्या दिवशी त्याने बोथट साखळीला कानस मारली. साखळीवर चीक होता. वाढलेला त्रास उसळीचा किती आणि नव्या संपर्काचा किती, हे वेगळे काढता आले नाही.

त्यानंतर त्याला प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडच्या गोळ्या) ४० मिलिग्रॅम रोजचे, दर पाच दिवसांनी १० मिलिग्रॅम कमी करत, वीस दिवसांचे दिले गेले. चेहरा, पापण्या, जननेंद्रिये यांवर सूज असेल किंवा अंगाचा मोठा भाग व्यापला असेल तेव्हा असा लांब कोर्स विचारात घेतला जातो, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. औषधाच्या दुकानातून आठ गोळ्या आणून पाच दिवसांत बंद करण्याचा प्रकार सगळ्यांत वाईट.

मधुमेही शेतकऱ्यांच्या बाबतीत निवड अवघड होती. पाठीवरचा भाग बराच होता, पण गोळ्या दिल्या तर साखर चढणार, आणि त्यांच्या घरी साखर मोजायची सोय नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गोळ्या टाळल्या. पाठीवर क्लोबेटासोल (तीव्र स्टेरॉइड) ०.०५ टक्के मलम दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांपुरते. मानेवर सौम्य मलम. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे थंड पाण्यात बुडवून पिळलेले फडके. कोरड्या होणाऱ्या चट्ट्यांवर कॅलामाइन. खाज जास्त दिवस राहिली, तीन आठवडे लागले, पण साखर बिघडली नाही. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता. ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाजेत फारसा फरक पडत नाही, कारण ही खाज हिस्टामिनची नसते; रात्री झोप लागायला मदत होते एवढेच.

घरच्यांनी मात्र एक गोष्ट उगाच केली. फोडातल्या पाण्याने इतरांना लागण होईल म्हणून तरुणाला वेगळे ताट, वेगळे अंथरूण दिले. फोडातले पाणी शरीराचेच असते, त्यात चीक नसतो. पुरळ हळूहळू नव्या जागी येत राहते त्याचे कारण वेगळे: जिथे कातडी जाड किंवा चीक कमी, तिथे ते उशिरा उठते. वेगळे ठेवायला हवे होते ते कपडे आणि कोयता, आणि ते दारात टांगलेले होते.

लाकडाचे काय करायचे

हा निर्णय पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षातच आला नाही. 'मला बाधत नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांनी फांद्यांच्या दोन मोळ्या सरपणासाठी घरी आणल्या होत्या. ओले लाकूड चुलीवरच्या माळ्यावर सुकत ठेवले होते. हुलगेरी वाळली तरी जाळू नये. धुराच्या कणांवर बसून चीक श्वासनलिकेत जातो. चेहरा, डोळे, घसा सुजतो, आणि चुलीसमोर बसणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई असते. इथे ती बाई आधीच पुरळाने हैराण होती.

आरोग्य सेविकेने घरभेटीत मोळ्या ओळखल्या, पानांवरून नव्हे, कापलेल्या टोकांवरच्या काळ्या कडांवरून. मोळ्या प्लॅस्टिकच्या खताच्या गोणीत भरून परत रानात नेल्या. उरलेले लाकूड जिथे पडले होते तिथेच, पाइपपासून चार मीटर वर, दगडांच्या आडोशाला रचले. पुरायचाही विचार झाला, पण तीव्र उतारावर पावसात मोठा खड्डा खणणे म्हणजे माती सैल करणे. जंगलात पडलेले लाकूड जंगलातच कुजते. त्यासाठी माणसाने काही करावे लागत नाही.

उभ्या झाडांचा प्रश्न

जुलैच्या ग्रामसभेत मागणी आली की नळवाटेवरची उरलेली तीन हुलगेरीची झाडेही तोडून टाकावीत. मागणी समजण्यासारखी होती. पण उभे झाड कोणाच्या अंगावर येत नाही. आतापर्यंत त्रास झाला तो कापल्यामुळे. तिन्ही तोडायची म्हणजे रविवारच्यापेक्षा तिप्पट चीक अंगावर घ्यायचा. वनखात्याच्या परवानगीचा भाग वेगळाच. शिवाय तिन्हींपैकी दोन झाडांची मुळे ओहोळाच्या काठावरची माती धरून होती, आणि ती गेली असती तर पाइपखालचा काठच गेला असता.

ठरले ते असे: एका ठिकाणी पाइप सहा मीटर बाजूला घ्यायचा, तिन्ही खोडांवर छातीच्या उंचीला पिवळा पट्टा रंगवायचा, आणि फांद्या छाटायच्या नाहीत. रंग देताना खोड खरवडायचे नाही, ही सूचना दोनदा द्यावी लागली. रंगारी सवयीने आधी साल साफ करायला जातो. शाळेच्या मुलांना देठावरच्या उपांगांचा मोठा केलेला फोटो दाखवला. झाडाखाली डबकी, पावसात पानांवरून ठिबकणारे पाणी यांची भीती काहींनी बोलून दाखवली. न दुखावलेल्या पानावरून आलेल्या पाण्याची तशी भीती नाही. वाऱ्याने मोडलेली ओली डहाळी मात्र हाताने उचलू नये.

साहित्य

पंचायतीने एक पेटी केली. तिच्यात जाड नायट्रिलचे (कृत्रिम रबराचे) लांब हातमोजे, आत घालायला पातळ सुती मोजे, चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल, पूर्ण बाह्यांचे दोन रेनकोट, चिकटपट्टी, भांड्यांचा साबण, फडकी, सर्जिकल स्पिरिट. पहिल्या खरेदीत रबराचे पातळ हातमोजे आले होते. ते परत केले: ही रसायने नैसर्गिक रबरातून आरपार जातात. बाही हातमोज्याच्या आत खोचायची की बाहेर, यावर वाद झाला. हात वर करून काम असेल तर हातमोजा बाहीवर चढवून चिकटपट्टी लावायची, नाहीतर चीक ओघळून थेट कोपरात येतो.

हत्यारांसाठी क्रम असा ठेवला: मशीन पूर्ण थंड झाल्यावर, हातमोजे घालूनच, पाती आणि साखळी स्पिरिटच्या फडक्याने दोनदा पुसायची, मग साबणाच्या पाण्याने, मग तेल. कोयत्याची लाकडी मूठ नीट साफ होत नाही; ती बदलणे सोपे. कपडे घरच्या धुण्यात न टाकता पिशवीत बांधून आणायचे, ज्याने घातले त्यानेच हातमोजे घालून गरम पाण्यात साबण-पावडरने दोनदा धुवायचे.

निष्पत्ती

पाचही जण बरे झाले. बाईंना दोन आठवडे लागले, मशीनवाल्याला सगळ्यांत जास्त, महिन्याच्या आसपास. कोणालाही व्रण राहिला नाही, काळपट डाग काही महिने राहिले. पुढच्या जूनमध्ये पट्ट्याच्या झाडाची मोठी फांदी पाइपवर पडली. या वेळी दोघेच गेले, एकच काप दिला, व्हाळावर तीनदा धुतले. पुरळ कोणालाही नाही. दोघांपैकी एकाच्या शरीराला या रसायनाची आधी ओळखच नसण्याचा संभव आहे, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिले, पाणी सुरू करणे आणि झाड हटवणे ही दोन कामे एकच मानली गेली. पंपाचा पाइप जोडून पाणी दिले असते तर घाई संपली असती आणि झाडाचा विचार कोरड्या दिवशी, दोन कापांपुरता, साहित्यासह झाला असता. मशीनचे भाडे दिवसाऐवजी कापावर किंवा तासावर ठरवले असते तरी निवड बदलली असती.

दुसरे, मशीनवाल्याला झाडाचे नाव कोणी सांगितले नाही. गावकऱ्यांना माहीत होते, बाहेरून आलेल्याला नव्हते. मदतनीसाला अकराव्या दिवशी उठले तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी नायट्याचे मलम दिले होते, कारण सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. काम संपताना 'तीन आठवड्यांत अंगावर काही उठले तर डॉक्टरांना या झाडाचे नाव सांगा' अशी एक चिठ्ठी पुरेशी होती.

तिसऱ्या गोष्टीला अजून उत्तर मिळालेले नाही. काजूवाला तरुण पुढच्या हंगामात कामावर गेला आणि चौथ्या दिवशी हातांवर पुन्हा फोड आले. कापणीचे पैसे किलोवर मिळतात. त्याला टरफलाशी संबंध न येणाऱ्या प्रतवारीच्या टेबलावर बसवले, तिथे मजुरी कमी. आंबा तो आता दुसऱ्याने सोलून दिला तरच खातो, कारण सालीतल्या चिकातही हेच घराणे आहे. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विषय पंचायतीच्या दोन बैठकांत निघाला. नळदुरुस्तीच्या खर्चात मशीनभाडे, जोड, पाइप, चहापाणी यांना जागा होती. आजारी पडलेल्या माणसाच्या मजुरीला नव्हती.